एनपीटेल: वर्गातल्या पोरांसोबत वापरून झाल्यावर

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो. पदवीत धरलं जाणारं क्रेडिट मिळतं म्हणून आमच्याकडे बऱ्याच जणांनी एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलं. पोरं काय बघतात ते कळावं म्हणून मीही नोंदवलं.

व्हिडिओंबद्दल तक्रार नाही. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं २००३ मध्ये सुरू केलेलं हे काम आता चांगलं मुरलंय. माझा एक विद्यार्थी पूर्व भागात राहतो, घरातच यंत्रमाग. खडखडाटात इयरफोनचाही उपयोग नाही, म्हणून तो आवाज बंद करून खालची कॅप्शन वाचतो, अडलं की थांबवतो, मागे नेतो. "सर, वर्गात तुम्हाला पॉज करता येत नाही," म्हणाला. यावर काय बोलणार!

खरी बोंब असाइनमेंटची. सगळे बहुपर्यायी प्रश्न, आणि मुदत संपायच्या आत उत्तरं टेलिग्रामवर हजर. १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यांचे २५ गुण. ते पोरं आरामात खिशात घालतात. मग केंद्रावर जाऊन ७५ गुणांची परीक्षा द्यायची आणि त्यात किमान ३० हवेतच. टेलिग्रामवाल्यांचं पितळ तिथं उघडं पडतं.

स्टाफरूममध्ये यावरून दोन तट आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयं'वरून, म्हणजे एनपीटेलचे कोर्स ज्यावर चालतात त्या सरकारी पोर्टलवरून, घ्यायची मुभा आहे, त्यामुळे आपला वर्कलोड जाणार ही धास्ती. उघड कुणी बोलत नाही, 'पोरांना समजत नाही हो' एवढंच. मला धास्ती अनाठायी वाटते. शंका विचारायला तिथं फोरम आहे, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की आमची पोरं गप्प. तीच शंका व्हरांड्यात गाठून मराठीत विचारतात. शेवटी आठवड्यातून एक तास लॅबमध्ये सगळ्यांनी मिळून बघायचं ठरवलं. दहा मिनिटं व्हिडिओ, मग बंद करून फळ्यावर तेच उदाहरण आकडे बदलून. कोर्स खऱ्या अर्थानं चालू झाला तो तिथून.

क्रेडिट हवं असेल तर परीक्षेचे १००० रुपये भरा, पण असाइनमेंट स्वतः सोडवा. नुसतं शिकायचं असेल तर पैसे भरायची गरज नाही, व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत.