‘मानवत मर्डर्स’: गाव आमचे, बोली कुणाची?

परभणीत राहणाऱ्या माणसाने सोनी लिव्हवरील ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका तटस्थपणे पाहावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. मानवत हे आमच्याच जिल्ह्यातले, कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. १९७२ ते १९७४ या काळात तिथे झालेल्या हत्यासत्राची धास्ती माझ्या आईच्या पिढीने स्वतः अनुभवली आहे. आईचे माहेर शेजारच्या पाथरी तालुक्यातले; त्या दिवसांत मुलींना भर दुपारीसुद्धा एकटीने विहिरीवर जाऊ देत नसत, हे ती आजही सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालिका आली तेव्हा आम्ही ती एकत्रच पाहिली, त्यामुळे पुढील मतांपैकी निम्मी तिची आहेत.

आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या आठ भागांना तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी लिहिलेल्या आठवणींचा आधार आहे. ही भूमिका करणारे आशुतोष गोवारीकर आवाज न चढवता, समोरच्याला बोलू देत तपास पुढे नेतात आणि ते पटते. या प्रकरणाचा शेवट आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच असल्यामुळे ‘कोणी केले’ या प्रश्नापेक्षा ‘पुरावा कसा उभा राहिला’ याचीच ओढ लागायला हवी होती. सुरुवातीच्या भागांत ती लागते. मधल्या भागांत मात्र तीच ती संशयी नजर आणि तेच ते दचकवणारे पार्श्वसंगीत यांनी गती मंदावते. ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या पर्वाने सहा दिवसांचा तपास सात भागांत बसवताना जो आवळपणा राखला होता, त्याची इथे आठवण होते.

माझी खरी तक्रार बोलीविषयी आहे. मकरंद अनासपुरे तोंड उघडतात तेव्हा माणूस आमच्या भागातला वाटतो, कारण त्यांची हेल काढण्याची पद्धत शिकवून आलेली नाही. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी मेहनत घेतली आहे आणि दोघींचा अभिनय भेदकही आहे. पण आजूबाजूची कितीतरी पात्रे जी मराठी बोलतात ती कोणत्याच जिल्ह्याची नाही. ‘ण’ला ‘न’ केले आणि मधूनमधून ‘लई’ पेरले की ग्रामीण भाषा झाली, असा आपल्या पडद्याचा जुना समज आहे. ‘काय करायलास?’ आणि ‘काय करून राहिला?’ यांत परभणी आणि अमरावती यांच्यामधले सगळे अंतर सामावलेले असते, हे संवाद घोकून घेणाऱ्यांना कोण सांगणार? आईने दुसऱ्याच भागात विचारले, ‘हे कुठले लोक म्हणायचे?’

याउलट ‘पंचायत’ पाहावी. २०२० साली प्राइम व्हिडिओवर आलेली ही मालिका उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातले फुलेरा गाव दाखवते, पण तिचे चित्रीकरण मध्य प्रदेशातील सिहोरजवळच्या गावात झाले आहे. तरीही गाव खोटे वाटत नाही, कारण रघुबीर यादव आणि नीना गुप्ता यांचे बोलणे, रुसणे आणि टोमणे मारणे जागच्या जागी असते. भुताच्या झाडाजवळ सौरदिवा लावायचा की नाही यावर एक अख्खा भाग जातो आणि गावकऱ्यांची समजूत त्यात हसतखेळत उलगडते. ‘मानवत मर्डर्स’मध्येही अंधश्रद्धाच मुळाशी आहे, परंतु तिच्यामागच्या माणसांच्या जगण्याला मालिका पुरेसा वेळ देत नाही. हत्यासत्र सुरू झाले ते १९७२च्या दुष्काळात. खडी फोडायला जाणारी माणसे, कोरड्या विहिरी आणि वाटपाची सुकडी हे सारे त्या भीतीच्या शेजारीच होते. पडद्यावर मात्र दुष्काळ देखाव्यापुरता येतो. (पुढच्या पर्वांत ‘पंचायत’ही निवडणुकीच्या भांडणात बरीच अडकली, हा भाग वेगळा.)

आमच्याकडे सायंकाळी वीज गेली की मोबाईलची रेंजही जाते, म्हणून शेवटचे तीन भाग आधी डाउनलोड करून घ्यावे लागले. तशी तजवीज करूनच ही मालिका पाहावी, आणि घरात लहान मुले असतील तर ती झोपल्यावर. सातव्या भागानंतर आई उठून गेली. कंटाळली का, असे विचारले तर म्हणाली, ‘कंटाळा नाही रे. पुढचं मला माहीत आहे, ते परत कशाला पाहू?’ आठवा भाग मी एकट्याने पाहिला.