काळा अक्रोड: बी पेरावं की कलमी रोप लावावं?

खर्चात बी जिंकतं. पण नुसतं पुरून भागत नाही. हिरवी साल काढा (हातमोजे घालून, डाग आठवडाभर जात नाही), पाण्यात तरंगणारी फळं फेका, उरलेली ओलसर वाळूत १ ते ५ अंश सेल्सिअसला तीन-चार महिने ठेवा. मग ५ सेंमी खोल, कायमच्या जागीच पेरा. वर जाळी हवीच, नाहीतर खारी उकरून नेतात.

सोटमूळ अखंड राहणं हा बियाचा मोठा फायदा. कलमी रोपाचं ते उपटताना तुटतं, म्हणून पहिली दोन वर्षं मुळापर्यंत मुरेल असं पाणी लागतं. कलमाच्या सांध्याखालचे फुटवे वेळीच काढा. ते वाढले तर वरची निवडक जात मागे पडते.

फळ मात्र कलमाला बहुधा चार-सहा वर्षांत धरतं, बियाच्या झाडाला दहाच्या आसपास, शिवाय गर कसा निघेल याची खात्री नाही.

टोमॅटो, बटाटे दोन्ही प्रकारच्या झाडांपासून १५ मीटर तरी लांब ठेवा. अक्रोडाच्या मुळांतल्या जुग्लोन या विषारी द्रव्यामुळे ते कोमेजतात.

सावली किंवा लाकूड हवं असेल तर बी. अक्रोड खायचे असतील तर कलमच घ्या.