जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ: चालणाऱ्यांसाठी परीक्षण

पुण्यात चांगला फुटपाथ बघायचा असेल तर आधी जंगली महाराज रस्त्यावर जावं. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली आणि त्या हिशेबाने नव्याने बांधलेल्या सुरुवातीच्या रस्त्यांपैकी हा एक. संभाजी उद्यान आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या आसपासच्या भागाला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. एक गुण कुठे जातो, ते पुढे येईलच.

इथे काय जमलंय, ते आधी. फुटपाथ नुसता रुंद केलेला नाही, त्याचे पट्टे पाडलेत. दुकानाच्या पायरीलगत थोडी मोकळी जागा, मधे निव्वळ चालायचा पट्टा, आणि रस्त्याच्या कडेला झाडं, बाकं, दिव्याचे खांब यांचा पट्टा. देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनुसार चालायचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळा हवा. बाजारपेठेत २.५ मीटर. शहरातले बरेच फुटपाथ मोजले तर टेपवर दोन मीटर भरतात, पण मधे डीपी बॉक्स (विजेची पेटी), फलकाचा खांब आणि झाडाचा बुंधा असतो. म्हणजे प्रत्यक्षात एक माणूस कसाबसा जाईल एवढीच जागा उरते. जंगली महाराज रस्त्यावर हा अडथळ्यांचा पसारा बऱ्याच अंशी कडेच्या पट्ट्यात गेलाय, आणि जुने वड न तोडता त्यांच्या सावलीत बसायची सोय केलीय. एप्रिल-मे महिन्यात दुपारी माणूस पायी जाईल की रिक्षा करेल, हे या सावलीवरच ठरतं.

आता गेलेला गुण. पहिली अडचण फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकींची. कोपऱ्यांवर बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, लावले तरी व्हीलचेअर जाण्यासाठी दोन बोलार्डमध्ये सुमारे १.२ मीटर अंतर सोडावंच लागतं. स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास, त्यामुळे जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही आरामात जाते. बोलार्ड आणखी जवळ आणले तर अपंग माणसाची वाट बंद होते, तेव्हा हा उपाय कुणी सुचवला तर ठाम विरोध करावा. गर्दीच्या वेळी चौकात वाहतूक पोलीस उभा असणं आणि दंड होणं, याला पर्याय नाही. पार्किंगचंही तसंच. सशुल्क पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये मंजूर झालं, अंमलबजावणी मात्र रखडत गेली. रस्त्यावरची जागा फुकट आहे तोवर गाड्या फुटपाथच्या कडेला लागणारच.

दुसरी अडचण इमारतींच्या गेटांची, आणि पुण्याच्या जवळपास प्रत्येक फुटपाथला ती भोवते. फुटपाथची पातळी गेटसमोर तशीच सलग राहायला हवी, आणि गाडीसाठीचा उतार कडेच्या पट्ट्यातच संपायला हवा. म्हणजे चढ-उतार गाडीने करायचा, माणसाने नाही. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. प्रत्येक इमारतीपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. गुडघे दुखणारा माणूस दोन गेटं झाली की सरळ डांबरावरून चालू लागतो. कर्बस्टोनची (फुटपाथच्या कडेच्या दगडाची) उंची १५० मिलिमीटरच्या वर गेली तरी हेच होतं. उतार १ ला १२ या प्रमाणात हवा, म्हणजे १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांबी. ठेकेदार अर्ध्या मीटरात उरकतो आणि तो उतार कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

या उताराचा स्वच्छतेशीही संबंध आहे, आणि तिकडे फार कमी लक्ष जातं. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणारे ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक ढकलगाडी वापरतात. फुटपाथला धड उतार नसेल तर भरलेली गाडी त्यांना भर वाहतुकीतून ढकलावी लागते. नीट उतार केला की ढकलगाडी, बाबागाडी आणि व्हीलचेअर अशा तिन्हींची सोय एकाच खर्चात होते.

बांधकामाचं बोलायचं तर पुण्यातल्या फुटपाथांचा मोठा शत्रू खोदाई. गॅस, वीज, केबल यांच्यासाठी पेव्हर (फुटपाथवरचे ब्लॉक) उचलतात, चर मातीने भरतात आणि धुमस न करता, म्हणजे माती ठोकून न दाबता, पेव्हर परत ठेवतात. पहिल्या जोरदार पावसात माती बसते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. मग त्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं पायावर उडतं. भराव थराथराने दाबून, वर २५ ते ४० मिलिमीटर वाळू पसरून मगच पेव्हर बसवायला हवेत. चालायला ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात, गेटसमोर मात्र ८० मिलिमीटरचे लागतात. तिथे पातळ ब्लॉक वापरले की गाड्यांच्या वजनाने फुटतात. चेंबरचं झाकण आजूबाजूच्या पातळीत आहे ना आणि पाणी गटाराकडे वाहून जाण्याइतका, साधारण ५० ला १ एवढा, आडवा उतार आहे ना, हे काम चालू असतानाच बघावं. बिल निघाल्यावर कुणी फिरकत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर बाय एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं तर मुळांना पाणी मिळत नाही.

आता मेट्रो. ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही दोन स्टेशनं सुरू आहेत आणि दोन्ही या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे या फुटपाथचं महत्त्व खूप वाढलं. २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली आणि शहर पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे पसरलं. हा पसारा आवरायचा तर माणसांना स्टेशनजवळ घरं हवीत. म्हणूनच स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात, रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून, ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याची तरतूद आहे. ५०० मीटर म्हणजे सात मिनिटांची चाल, पण ती नकाशावर. मधे सोसायट्यांच्या अखंड भिंती असल्या की तेच अंतर सहज दुप्पट होतं.

उंच इमारती आल्याने शहर आपोआप चालण्याजोगं होत नाही. पुनर्विकासात तळमजला पूर्ण पार्किंगला दिला आणि रस्त्याकडे कोरी भिंत केली, तर संध्याकाळनंतर तिथून चालायला भीती वाटते. जंगली महाराज रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत माणसं दिसतात, कारण दुकानं आणि खाण्याची ठिकाणं थेट फुटपाथवर उघडतात. छोटे प्लॉट एकत्र करून बांधलं तर गेटंही कमी होतात. चार प्लॉटांची आठ गेटं होण्याऐवजी दोन पुरतात. परवानगी देतानाच ही अट घालायला हवी, कारण इमारत उभी राहिल्यावर गेट हलत नाही.

रस्ता ओलांडायची सोय मात्र फुटपाथच्या तोडीची नाही. सिग्नलची वेळ बहुधा सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून काढतात. २४ मीटर रस्त्याला त्याला २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना ३० लागतात. मोठ्या चौकांत झेब्रा फुटपाथच्याच उंचीवर उचलून घेतला तर गाड्यांचा वेग आपसूक कमी होतो आणि पावसाचं पाणीही पायात येत नाही. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचं चेंबर हवं, नाहीतर तिथेच तळं साचतं.

आपल्या भागात असा फुटपाथ हवा असेल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा. ‘फुटपाथ दुरुस्त करा’ एवढंच लिहू नये. कुठल्या गेटपासून कुठल्या गेटपर्यंत, आज मोकळी रुंदी किती, कर्बची उंची किती, कुठला डीपी बॉक्स हलवायचा आणि उतार कुठे हवेत, हे टेपने मोजून फोटोसह द्यावं. नेमकी मापं दिली की कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून थेट पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करता येतं.