लहान किचनमध्ये जाताना: मायक्रोवेव्ह ठेवू की एअर फ्रायर, मिक्सर की प्रोसेसर?

मोठं घर सोडून लहान घरात जाताना कपडे, पुस्तकं, फर्निचर एक वेळ निवडून होतं, पण किचनपाशी आलं की गाडी अडते, कारण तिथली एकेक वस्तू "मी लागते ना कधीतरी" म्हणून हटून बसलेली असते. आमच्या नवीन ओट्यावर शेगडी आणि सिंक सोडून जेमतेम ७० सेंटिमीटर उरत होते. मग मी प्रत्येक मशीनखाली पेपर घातला, तेवढ्या आकाराचा तुकडा कापला आणि जमिनीवर ७० बाय ६० चा चौकोन आखून त्यात एकेक मांडून बघितला. नऊ तुकड्यांतले तीन बसले. मागे गरम हवा जायला जागा सोडायची म्हटल्यावर दोनच. त्यामुळे "उपयोगी आहे का" हा प्रश्न मी सोडूनच दिला (उपयोगी सगळंच असतं), एकाचं काम दुसरं करतंय का एवढंच बघत गेले.

लोक मायक्रोवेव्ह की एअर फ्रायर असं विचारतात ना, तिथेच गोंधळ आहे, कारण ही दोघं एकमेकांची कामं करतच नाहीत. मायक्रोवेव्ह पदार्थातल्या पाण्याला गरम करतो म्हणून सूप, दूध, कालचा भात यात पटकन होतो, पण वरून कुरकुरीत काही होणार नाही. एअर फ्रायर म्हणजे जोरात पंखा असलेला छोटा ओव्हन, त्यामुळे कुरकुरीत मस्त होतं पण पातळ पदार्थ त्यात जमत नाही. खरी मारामारी एअर फ्रायर आणि ओव्हनची. मोठा ओव्हन साधारण २ ते अडीच किलोवॅट खातो आणि तापायलाच दहा-पंधरा मिनिटं लावतो, एअर फ्रायर साधारण दीड किलोवॅटचा, तीन-चार मिनिटांत तयार. दोन माणसं असतील तर मी डोळे झाकून एअर फ्रायर म्हणेन. चार-पाच जणांचं करायचं असेल किंवा ब्रेड, केक नेहमी होत असेल तर ओव्हनच ठेवा, नाहीतर त्या बास्केटमध्ये तीन-तीन वेळा माल भरत बसाल आणि पहिली खेप थंड होऊन जाईल.

कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह (ज्यात गरम हवेने भाजताही येतं) घेतला की दोन्ही कामं एकात होतात, जागा वाचते, हे खरंय. पण एकीकडे केक लावलाय आणि दुसरीकडे दूध गरम करायचंय असं होत नाही, आणि बिघडला की दोन्ही कामं एकदम बंद. बाकी रोज उरलेलं शेगडीवरच गरम करत असाल तर मायक्रोवेव्ह नुसता घड्याळ म्हणून ठेवू नका.

आता वाटण्या-कापण्याचं. हँड ब्लेंडर सरळ पातेल्यात घालायचा, नंतर एक दांडी धुवायची, विषय संपला. पण सुकं आणि कडक वाटायला तो नाही, तिथे भांडंवाला मिक्सरच लागतो, म्हणून दोघांतलं एकच ठेवायचं तर मिक्सर. फूड प्रोसेसरबद्दल मात्र मी जरा कडू आहे. आमच्या प्रोसेसरच्या झाकणाला एक नखाएवढा प्लॅस्टिकचा खुंट होता, तो दाबला गेल्याशिवाय मशीन सुरूच व्हायचं नाही, सेफ्टीसाठी. तो एक दिवस तुटला. मोटर ठणठणीत, पाती धारदार, पण त्या मॉडेलचं झाकण कुठेच मिळेना, म्हणजे अख्खं मशीन एका खुंटासाठी भंगारात. आणि खरं सांगू का, दोन कांदे कापायला पाच पार्ट धुवायचे असतील तर आपण सुरीच घेतो. दर आठवड्याला किलो-किलोने भाजी चिरणाऱ्यांनीच तो ठेवावा. स्टँड मिक्सरचं (पीठ मळायचं, केकचं मिश्रण फेटायचं ते मशीन) पण तसंच, दहा-बारा किलोचं धूड खालच्या कपाटात गेलं की परत वर येत नाही, ओट्यावर कायमची जागा देणार असाल तरच न्या.

शिजवण्यात राइस कुकर, स्लो कुकर आणि इलेक्ट्रिक प्रेशर कुकर असे तिघं होते. यात सगळ्यात आधी स्लो कुकर गेला. एक तर त्याचं काम बहुतेक प्रेशर कुकरवर स्लो मोड असतो त्यात होतं, आणि दुसरं म्हणजे कच्चा राजमा त्यात मंद आचेवर शिजवणं धोक्याचं असतं, राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन तेवढ्या उष्णतेला नष्ट होत नाही, आधी भिजवून, ते पाणी टाकून, दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. प्रेशर कुकरची खोड म्हणजे ती सिलिकॉनची रिंग, वास धरून ठेवते. मी एकदा खीर केली तर तिला लसणाचा वास! तेव्हापासून गोडाची रिंग वेगळी. साधा एका बटणाचा राइस कुकर मात्र टाकवत नाही, भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, पाणी संपलं की ते वाढतं आणि बटण आपोआप वर उडतं, एवढीच यंत्रणा, बिघडायला फारसं काही नाहीच. पण भात आणि दुसरं काहीतरी एकाच वेळी लावायची सवय असेल तरच दोन्ही ठेवा, नाहीतर प्रेशर कुकर पुरतो.

किटली ठेवली. दोन हजार वॅटची किटली लिटरभर पाणी तीनेक मिनिटांत उकळते, इंडक्शन असेल तर वेगात फार फरक नाही, पण ती आपली आपण बंद होते आणि मी विसरभोळी आहे. टोस्टर, वॉफल मेकर, अंडी उकडायचं यंत्र, यावर मी विचारच केला नाही, तवा आणि पातेलं आहे की.

आणि हो, यादी पक्की करायच्या आधी नवीन ओट्यावरचे सॉकेट मोजा. किटली आणि एअर फ्रायर एकाच एक्स्टेंशनवर लावले तर साडेतीन हजार वॅट होतात, आमची वायर पहिल्याच आठवड्यात हाताला गरम लागली, तेव्हापासून एक बंद केल्याशिवाय दुसरं लावत नाही.