निकोटीनचा गम आणि बेळगावचा चहा

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी मिळणारा निकोटीनचा गम बेळगावात खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत बहुतेक मेडिकल दुकानांत ठेवलेला असतो, आणि त्यातला २ मिलिग्रॅमचा प्रकार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घेता येतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात नोकरी करत असताना मी तो वापरला. महिनाअखेर आली, जीएसटीची विवरणपत्रे तुंबली आणि ग्राहकांचे तगादे सुरू झाले की खुर्चीवरून उठण्याचे एकमेव सर्वमान्य कारण सिगारेट हेच असे, तेव्हा या गमची परीक्षा माझ्याकडे बऱ्यापैकी कठोर झाली असे म्हणता येईल. माझे मत आधीच सांगतो : औषध चांगले आहे, पण ते ज्या पद्धतीने विकले जाते त्यामुळे त्याचा गुण घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्याला आपण ताण म्हणतो त्याचा अर्धा भाग या गमच्या आवाक्यातलाच नाही.

या गमचा उगम स्वीडनमधला. पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असल्यामुळे तिथले खलाशी तोंडात धरायच्या तंबाखूवर वेळ निभावून नेतात, हे १९६०च्या दशकात तिथल्या संशोधकांच्या ध्यानात आले आणि धुराशिवाय निकोटीन देण्याची कल्पना त्यातून पुढे आली. सिगारेटच्या झुरक्यातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जाते, तर गममधले निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातून हळूहळू रक्तात उतरते आणि त्याची पातळी वर यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यामुळे झुरक्याची ती तडकाफडकी तरतरी गम देत नाही. तो फक्त तलफेची धार बोथट करतो, आणि धुरातले डांबर व कार्बन मोनॉक्साइड मात्र शरीरात अजिबात जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली गमसारख्या निकोटीन पर्यायी उपचारांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले ते उगाच नव्हे. आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला तर अशा उपचारांमुळे सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. सगळ्यांचीच सुटते असा याचा अर्थ नाही.

गम चघळण्याची रीत हा या वस्तूचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नावात गम असल्यामुळे बहुतेक जण तो साध्या च्युइंग गमसारखा सलग चावत राहतात, सुटलेले सगळे निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, तिथून यकृतात जाऊन बरेचसे निकामी होते, आणि हाती उरतात त्या उचक्या, छातीतली जळजळ आणि मळमळ. मग ‘आपल्याला हे सोसत नाही’ असे म्हणून माणूस पुन्हा पानपट्टीवर उभा राहतो. खरी रीत अशी की, गम सावकाश चावावा, तिखटसर चव किंवा चुणचुण जाणवताच चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चुणचुण विरली की पुन्हा थोडा चावावा आणि जागा बदलून ठेवावा. असे साधारण अर्धा तास चालते. आमच्या भागात तंबाखूचा बार भरणाऱ्याला ही रीत एका वाक्यात समजते, सिगारेटवाल्याला मात्र ती समजावून सांगावी लागते, आणि सांगणारे कोणी नसते.

कारण मेडिकलमध्ये अख्खे खोके क्वचितच कोणी घेतो. दुकानदार कात्रीने पट्टी कापून दोन-चार गम हातावर ठेवतो, आणि वापराची माहिती छापलेले पत्रक खोक्यातच राहते. मी ज्या दुकानातून घेत होतो तिथे मागितल्यावर पत्रक मिळाले, पण ते इंग्रजी आणि हिंदीत होते. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या पट्टीच्या मागे ‘चावा, थांबा, गालात ठेवा’ एवढे तीन शब्दसमूह दोन्ही भाषांत छापायला कितीशी शाई लागणार आहे? या औषधाला मी सर्वांत कमी गुण देईन ते इथेच.

आता चहा. गम तोंडात घालण्याआधी १५ मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत काहीही खाऊपिऊ नये, असा नियम आहे, आणि तो केवळ सावधगिरीचा नाही. निकोटीन तोंडातून शोषले जायचे तर लाळ थोडी अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची असावी लागते, म्हणून गममध्ये तसे घटक मुद्दाम घातलेले असतात. कॉफी, शीतपेये, लिंबू सरबत किंवा कोकम सरबत अशी आंबट पेये ती स्थिती बिघडवतात, आणि कोणताही घोट घेतला की सुटलेले निकोटीन पोटात वाहून जातेच. बेळगावात मात्र कामाच्या दिवसाची मोजदाद चहाने होते. आल्या-गेल्या माणसाला अर्धा चहा, बिल मंजूर झाले की चहा, नामंजूर झाले तरी चहा. त्यामुळे पत्रकातला ‘दर १ ते २ तासांनी एक गम’ हा क्रम पाळायचा तर आधी चहाच्या वेळा ठरवून घ्याव्या लागतात. मी चहा आधी, मग पाव तास थांबणे, मग गम असा क्रम बसवला, आणि समोरच्याने मध्येच चहा मागवला तर तो सरळ नाकारला. सिगारेट नाकारण्यापेक्षा चहा नाकारणे आमच्याकडे अवघड जाते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

चहाबद्दल आणखी एक गोष्ट कोणतेही खोके सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा जास्त वेगाने करते. धूर थांबला की तो वेग काही दिवसांत उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातले कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकते. हात थरथरणे, छातीत धडधड, रात्री झोप न लागणे या तक्रारींचे खापर माणूस ‘सिगारेट सोडल्यामुळे आलेल्या ताणावर’ फोडतो आणि त्याच ताणावर उपाय म्हणून पुन्हा सिगारेट पेटवतो. गम निकोटीन देतो, धूर देत नाही, म्हणून गम घेतानाही हा फरक पडतोच. सिगारेट सोडणाऱ्याने चहा-कॉफीचे प्रमाण सुरुवातीच्या आठवड्यांत निम्म्यावर आणावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ताणाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. निकोटीन नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, तरी ओढणाऱ्याला हलके वाटते, कारण रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि त्या घसरणीतून आलेली बेचैनी पुढची सिगारेट दूर करते. म्हणजे आधीच्या सिगारेटने लावलेली ओढ पुढची फेडते, आणि आपण ते पुण्य सिगारेटच्या नावावर जमा करतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१४ साली छापलेल्या एका आढाव्यात, किमान सहा आठवड्यांनंतर तपासले असता सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले होते. मधला चिडचिडीचा काळ गम सुसह्य करतो. तेवढे श्रेय त्याला निर्विवाद आहे.

परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेरची ती पाच मिनिटे गम देऊ शकत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभे राहून मोल्डिंगवाले, स्टोअरवाले आणि आम्ही हिशेबवाले एकमेकांशी जे बोलतो, ते खुर्चीत बसून गम चघळताना होत नाही. शिवाय गम चघळणाऱ्याला साहेब ‘जरा बाहेर जाऊन ये’ असे म्हणत नाहीत. म्हणून गमबरोबर विश्रांतीची व्यवस्था वेगळी करावी लागते. मी फाटकाबाहेर जाणे चालूच ठेवले, फक्त धुराच्या घोळक्यापासून दूर आवाराच्या टोकापर्यंत चालत जाऊ लागलो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरणाऱ्यांत सामील झालो, त्याचा उपयोग गमइतकाच झाला आणि त्याला पैसेही पडले नाहीत. ‘रिलॅक्स’ होण्यासाठी हुक्का किंवा ई-सिगारेट सुचवणारे मित्र सगळ्यांनाच असतात. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर आणि हुक्क्यावर २०२४ पासून कर्नाटकात बंदी आहे, आणि तसेही दोन्हींत निकोटीनची गुलामी तीच राहते.

इतर बाबी थोडक्यात. पुदिन्याची चव सहन होते. पानाची चव मला कृत्रिम वाटली, शिवाय जेवणानंतरच्या पानाची आणि त्यापाठोपाठच्या सिगारेटची आठवण करून देणारी. गमची किंमत सुट्या सिगारेटच्या आसपास पडते, त्यामुळे बचतीच्या आशेने घेणाऱ्याची पहिल्या महिन्यात निराशा होईल. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला २ मिलिग्रॅम सहसा अपुरे पडते आणि ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांकडे जावे लागते. कवळी असणाऱ्यांना हा गम त्रासदायक आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मिश्री लावणाऱ्या किंवा बार भरणाऱ्या माणसांना मात्र मी हा गम छातीठोकपणे सुचवणार नाही, कारण बिनधुराच्या तंबाखूच्या बाबतीत त्याच्या उपयोगाचा पुरावा तुलनेने कमकुवत आहे. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न लहान नाही. निपाणी-चिकोडीकडच्या किती घरांचा संसार तंबाखूच्या वखारीवर आणि विडी वळण्यावर उभा राहिला, आणि १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखालच्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण गमावले, हे विसरून कोणी तंबाखूवर प्रवचन देऊ लागला तर इकडचा माणूस ते ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

गम तीन महिन्यांत कमी करत संपवायचा असतो : पहिले सहा आठवडे दर १ ते २ तासांनी, पुढचे तीन २ ते ४ तासांनी, शेवटचे तीन ४ ते ८ तासांनी. घेणाऱ्याने एकदा तरी अख्खे खोके घ्यावे आणि पत्रक कोणाकडून तरी वाचून घ्यावे. तेही जमत नसेल तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक फिरवावा; तो निःशुल्क आहे, आणि गम घ्यावा की न घ्यावा हे विचारायलाही चालतो.