पहाटेचा स्ट्रोक आणि एमआरआय विभाग: पाचपैकी चार तारे

एक तारा कापलाय तो मशीनसाठी नाही, मशीनच्या दारावरच्या फॉर्मसाठी.

बाबा रात्री साडेदहाला झोपले तेव्हा ठणठणीत होते. पहाटे पावणेसहाला जाग आली तर उजवा हात उचलेना, जीभ जड, तोंड एका बाजूला ओढलेलं. सव्वासहाला आम्ही इमर्जन्सीत होतो. पहिलाच प्रश्न आला, "त्रास कधी सुरू झाला?" कोण सांगणार? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि सुरुवात माहीत नसेल तर पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथून वेळ मोजतात. म्हणजे साडेदहापासून. म्हणजे मुदत तीनलाच संपलेली. मी हिशेब केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

सीटीत रक्तस्राव नव्हता, बाकीही काही दिसलं नाही. न्यूरॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, सुरुवातीच्या तासांत सीटी असा कोरा येऊ शकतो, लगेच एमआरआय करू.

आता फॉर्म. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. विचारायलाच हवं, कारण तो चुंबक कायम चालूच असतो. पण हे सगळं इमर्जन्सीत भरून दिलं होतं, आणि एमआरआयच्या दारात "आमचा फॉर्म वेगळा" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. सात मिनिटं गेली. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मध्ये मांडलेला एक अंदाज मी नंतर वाचला. सातनं गुणायचं धाडस केलं नाही.

आतला टेक्निशियन मात्र हिरा. अंगठी निघत नव्हती, सोनोग्राफीची जेली लावून काढली. कवळी काढली, कानाचं मशीन काढलं. मग लक्षात आलं की आता बाबांना काहीच ऐकू येणार नाही. त्या पोरानं कागदावर बोटभर उंचीच्या अक्षरांत "काका, हलू नका" लिहिलं, डोळ्यांसमोर धरलं, बाबांनी मान हलवेपर्यंत थांबला, मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा खोचल्या. स्कॅन दहाएक मिनिटांत उरकला, एकदाही पुन्हा घ्यावा लागला नाही.

मॅडमनी दोन चित्रं शेजारी लावून दाखवली. एकात पांढरा डाग, पण स्क्रीनच्या उजव्या बाजूला. उजवा हात गेलाय म्हणजे बिघाड डाव्या मेंदूत हवा ना, असं मी टोकलंच. त्या हसल्या. चित्र पायाकडून बघितल्यासारखं असतं म्हणे, डावं उजवीकडे येतं. हे डिफ्यूजनचं चित्र. रक्त तुटलं की पेशी फुगतात, पाण्याची हालचाल अडते आणि काही मिनिटांतच तो भाग पांढरा चमकायला लागतो. दुसरं फ्लेअरचं, त्यात त्याच जागी काहीच नाही. फ्लेअरवर डाग उमटायला तास लागतात. एकात आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे बहुधा साडेचार तासांच्या आतली गोष्ट. झोपेत स्ट्रोक आलेल्यांना याच फरकावरून इंजेक्शन देऊन पाहिलेला वेक-अप नावाचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात फायदा दिसला. पण रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो, हे त्यांनी सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलं.

त्याच स्कॅनमध्ये डाय न टोचता रक्तवाहिन्याही बघून झाल्या. मोठ्या मोकळ्या होत्या, त्यामुळे कॅथेटर घालून गुठळी ओढून काढायचा प्रश्न आला नाही. सात पस्तीसला इंजेक्शन सुरू.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, मग सगळ्यांचा सरळ एमआरआयच का नाही करत? त्या म्हणाल्या, सीटी पटकन होतो, बहुतेक पेशंटना तेवढा पुरतो. काही पेसमेकर चालत नाहीत, तळमळणारा माणूस आत स्थिर राहत नाही. आणि मेंदूच्या मागच्या भागातला लहानसा स्ट्रोक सुरुवातीला डिफ्यूजनमध्येही निसटू शकतो, म्हणून चित्र कोरं आलं तरी त्या पेशंटला आधी तपासतात.

बाबा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात, वेळ लागतो. सही अजून जुनी होत नाही, बँकेत नवीन नमुना द्यावा लागला.

कवळी त्या गडबडीत एमआरआयच्या बाहेरच राहिली होती. तिसऱ्या दिवशी डबीवर नाव आणि बेड नंबर लिहून तोच पोरगा वॉर्डात घेऊन आला.