युनिव्हर्सल बाँड डेंटिनवर कसा धरतो? काही महिन्यांच्या वापरानंतर

दाताला फिलिंग चिकटवताना एच (ॲसिडने पृष्ठभाग खरखरीत करणं), प्रायमर, बाँड असे टप्पे सोडून मी एकाच बाटलीतल्या युनिव्हर्सल बाँडवर आले, त्याला आता बरेच महिने झाले. यात १०-एमडीपी हा आम्लधर्मी मोनोमर (एकमेकांना जोडून घट्ट होणारा रेणू) आहे, सॉल्व्हंट (द्रावक) म्हणून इथेनॉल आणि पाणी. इनॅमलबद्दल, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाबद्दल, फार लिहीत नाही. ॲसिडने एच केलं की तिथे पकड मिळते, हे बुओनोकोर या दंतसंशोधकाने १९५५ मध्येच दाखवलंय. खरी परीक्षा त्याच्या आतल्या थरावर, डेंटिनवर.

डेंटिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजन) आणि उरलेलं पाणी. पल्पकडे (दाताच्या आतल्या नसेकडे) जावं तशा डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका दाट आणि रुंद होतात, ओल वाढते. त्यामुळे माहितीपत्रकातल्या मेगापास्कलच्या (पकडीच्या ताकदीच्या) आकड्यांवर मी फार विसंबत नाही. असे आकडे बहुधा काढलेल्या दाताच्या सपाट डेंटिनवर घेतलेले असतात, खोल कॅव्हिटीत तसं काहीच नसतं.

एमडीपी हायड्रॉक्सिॲपेटाइट या दाताच्या खनिजातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. म्हणून डेंटिनवरचं खनिज ॲसिडने धुऊन टाकणं मला पटत नाही. मी फक्त इनॅमलच्या कडा एच करते. गार पाण्याने सणक येते, ही फिलिंगनंतरची तक्रार तेव्हापासून माझ्याकडे खूपच कमी झाली.

पकड ठरते ती हातावर. मायक्रोब्रशने २० सेकंद नुसतं लावायचं नाही, चांगलं चोळायचं. याचं ॲसिड सौम्य असल्यामुळे स्मीअर लेयरमधून (दात कोरल्यावर उरणाऱ्या भुग्याच्या पातळ थरातून) आत शिरायला त्याला ही मदत लागते. मग हवा. सुरुवातीला पृष्ठभागावर लाटा पळताना दिसतात. त्या थांबून एकसारखी चमकदार झिलई दिसेपर्यंत हवा द्यायची. खोल बॉक्समध्ये (दोन दातांमधल्या बाजूला कोरलेल्या खोबणीत) सूचनेतले ५ सेकंद मला कधीच पुरत नाहीत. सॉल्व्हंट मागे राहिला तर लाइट क्युअर करूनही (प्रकाशाने घट्ट करूनही) थर कच्चाच राहतो.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे मानेजवळ झिजलेले दात. तिथलं डेंटिन पिवळट, काचेसारखं गुळगुळीत आणि नलिका खनिजाने बुजलेल्या. फिलिंगला अडकायला जागाच नसते, सगळा भार बाँडवर. बरने (ड्रिलच्या टोकाने) पृष्ठभाग हलका खरवडून घेतला की निकाल स्पष्ट सुधारतो. रिकॉलला (पुन्हा तपासणीला) आलेल्या पेशंटमध्ये अशी फिलिंग्ज जागेवर पाहून फार बरं वाटतं.

तक्रारी आहेतच. थेंब आधी काढून ठेवला तर सॉल्व्हंट उडून तो दाट होतो, मग फेकावाच लागतो. सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणाऱ्या) किंवा ड्युअल-क्युअर (आपोआप आणि प्रकाशानेही घट्ट होणाऱ्या) कोअर मटेरियलखाली, म्हणजे मोडलेला दात उभारायच्या साहित्याखाली, हा बाँड वेगळ्या ॲक्टिव्हेटरशिवाय वापरत नाही, कारण आम्लधर्मी मोनोमर तिथल्या अमाइन या घट्ट होण्याला चालना देणाऱ्या घटकाला निकामी करतो. रूट कॅनालमध्ये जंतुनाशक हायपोक्लोराइटने धुतलेल्या पल्प चेंबरमध्येही (पल्पच्या पोकळीतही) जपून, तिथे पकड कमी पडते. सिरॅमिकसाठी बाटलीतल्या सिलेनवर (सिरॅमिकशी जोड देणाऱ्या रसायनावर) भिस्त न ठेवता मी सिलेन वेगळंच लावते.

कडांचे डाग आणि हायब्रिड लेयरमधल्या (बाँड आणि डेंटिन एकमेकांत मिसळलेल्या थरातल्या) कोलॅजनची एमएमपी या डेंटिनमधल्याच एन्झाइम्समुळे होणारी झीज काही महिन्यांत कळत नाही, त्यासाठी वर्षं जावी लागतात. याच पेशंट्सचे फोटो मी दर रिकॉलला काढून ठेवते आहे.